एक खांब पळायचं, एक खांब चालायचं

गुरुपादप्पा सतरा वर्षं पळाला नव्हता. एसटी सुटायला लागली, कंडक्टरनं दोनदा घंटी ओढली, तरी तो आपल्या चालीनंच स्टँडात शिरायचा आणि गाडी गेली की बाकड्यावर बसून पुढच्या गाडीची वाट बघायचा. पाऊस आला तर भिजायचा. एकदा लोह्याच्या बाजारात बैल उधळला, लोक चहूकडं पांगले आणि हा गृहस्थ पिशवी धरून जागच्या जागी उभा. बैलच बाजूनं गेला. नांदेडच्या पाटबंधारे कार्यालयात तो वरिष्ठ लिपिक होता आणि तिथं या सगळ्याचा अर्थ लोकांनी आपापल्या परीनं चांगलाच लावला होता. अप्पा म्हणजे शांत डोह, असं म्हणायचे. साहेब नव्या पोरांना त्याचा दाखला द्यायचे. गुरुपादप्पानं हा गैरसमज कधी दूर केला नाही. भित्र्या माणसाला एवढी अब्रू फुकटात मिळत असेल तर ती परत करायला तो काही वेडा नव्हता.

खरी गोष्ट अशी, की त्याला स्वतःच्या पायांची भीती वाटायची.

त्याचं गाव औसा तालुक्यात, किल्लारीपासून दोन कोसांवर. त्र्याण्णव साली गणपती बोळवून लोक थकून झोपले होते आणि पहाटे चारच्या आत जमीन हलली. त्या दिवशी गावानं पुढं काय पाहिलं ते इथं सांगायचं कारण नाही. ज्यांना सांगायचं होतं त्यांनी सांगितलं, सरकारनं त्याचे तक्तेही केले. गुरुपादप्पाच्या वाट्याला आलेली गोष्ट मात्र कुठल्या तक्त्यात नाही. तो तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. भांडी वाजली, आढं करकरलं आणि त्याला पुरतं जाग यायच्या आत त्याच्या पायांनी त्याला उचलून दाराबाहेर काढलं होतं. महादेवाच्या देवळापुढच्या पटांगणात पोचल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की आपले दोन्ही हात रिकामे आहेत. घरात महानंदा होती. सहा महिन्यांची आरती होती. तो मागं वळला, तीन पावलं गेलाही असेल, आणि घराची दगडमातीची भिंत समोर बसली. धुरळ्यात काही दिसेना. तो उभा राहिला. मग त्या धुरळ्यातून महानंदा चालत आली. काखेत पोरगी, केस मातीनं पांढरे. तिनं त्याच्याकडं बघितलं, त्यानं तिच्याकडं बघितलं. दोघंही बोलली नाहीत, आणि दिवस उजाडल्यावर एवढं उकरायचं होतं की बोलायला सवड कुणाला.

त्यानंतर सतरा वर्षं महानंदानं त्यावर एक शब्द काढला नाही. भांडणात काढला नाही, माहेरी काढला नाही, तो दारू प्यायला असता तर कदाचित काढला असता, पण तो पीत नव्हता. गप्प बसणं हा बोलण्याचाच एक प्रकार आहे आणि त्याला उत्तर देता येत नाही, एवढं गुरुपादप्पाला संसारात कळलं होतं. तो मनातल्या मनात रोज एकच प्रश्न सोडवायचा. परत असं झालं तर मी काय करीन? आणि रोज एकच उत्तर यायचं, की मला न विचारता माझे पाय ते ठरवतील.

पंचाण्णव साली त्यानं अर्ज करून नांदेडला बदली मागून घेतली. अर्जात कौटुंबिक कारण लिहिलं. नांदेडात खडक घट्ट आहे, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. पंधरा वर्षं ते खरं निघालं. मग दोन हजार दहाच्या जानेवारीत नांदेडच्याच जमिनीतून आवाज यायला लागले. विहिरीत सुरुंग उडावा तसा आवाज, खिडकीची काच थरथरायची, आणि पुन्हा सगळं चिडीचूप. शास्त्रज्ञ आले, यंत्रं लावली, घाबरू नका म्हणून सांगून गेले. मुक्कामाला मात्र त्यातलं कुणी थांबलं नाही. भूकंपानंही बदलीचा अर्ज केला असावा आणि त्याचा अर्ज जरा उशिरा मंजूर झाला असावा, असं गुरुपादप्पाला वाटलं.

त्यात पोरगी लातुरात. ज्या जिल्ह्यातून तिला काढून आणलं तिथंच तिला नेऊन ठेवावं लागलं, कारण ती बारावीला होती, तिला डॉक्टर व्हायचं होतं आणि डॉक्टर लातुरात तयार होतात यावर साऱ्या मराठवाड्याचं एकमत होतं. भूकंपातून लातूरकर दोन गोष्टी शिकले होते. आपलं घर बांधायचं तर एकमजली बांधावं, आणि पोरं ठेवायला बांधायचं तर चार मजली. चौकाचौकात गुणवंतांचे पासपोर्ट फोटो हंड्याएवढे करून लावलेले. आरतीची खोली चौथ्या मजल्यावर. साठ मुली, एक जिना, आणि त्या जिन्यावर प्रत्येक वळणाला चपलांचं स्टँड. प्रवेशाच्या दिवशी गुरुपादप्पानं तो जिना एकदा चढून बघितला होता. तेव्हापासून त्याला नीट झोप नव्हती.

झोप नाही म्हणून तो जूनमध्ये डॉक्टरकडं गेला. डॉक्टरनं रक्त तपासलं आणि साखर निघाली. रक्तदाबही निघाला. डॉक्टर तरुण होते, स्वतः पळायचे, त्यामुळं सगळ्या रोगांवर त्यांच्याकडं एकच इलाज होता. रोज चाला म्हणाले, आणि जमलं की हळूहळू पळा. गुरुपादप्पानं विचारलं, पळाल्यावर छाती धडधडली तर? ते म्हणाले, धडधडायलाच पाहिजे, त्यासाठीच पळायचं. नाही पळालो तर काय होईल, असं त्यानं चौकशीच्या सुरात विचारलं. डॉक्टरांनी पाय, डोळे, मूत्रपिंड आणि हृदय या क्रमानं सांगितलं. गुरुपादप्पा घरी आला तेव्हा त्याच्याजवळ दोन भीती होत्या, आणि दोन्ही एकमेकींच्या विरुद्ध तोंडं करून बसलेल्या.

चालण्यानं भागवून बघण्यात पावसाळा गेला. साखर काही हलली नाही. शेवटी दसऱ्यानंतर एका सोमवारी पहाटे साडेपाचला तो कॅनॉल रोडला गेला. ऑफिसची पँट, सँडल, डोक्याला मफलर. रस्त्यावर कुणी नाही असं बघून त्यानं पळायला सुरुवात केली. सतरा वर्षं कोठीत ठेवलेली वस्तू काढावी तसे पाय निघाले, अवघडलेले, एकाची दुसऱ्याशी ओळख नसल्यासारखे. विजेचा पुढचा खांब अर्ध्यावर असतानाच कुशीत कळ आली. तो वाकून उभा राहिला तेव्हा छाती अशी धडधडत होती, की तळपायाखालची जमीन हलतेय असं त्याला वाटलं. वाटलं म्हणजे अगदी खरं वाटलं. तीच ती घुसळण, खालून वर येणारी. त्यानं वर बघितलं. विजेच्या तारा स्थिर होत्या. म्हणजे जमीन नव्हे, छाती. मग तो पुन्हा निघाला.

पुढं ही त्याची रीतच पडली. थोडं पळायचं, धडधड झाली की थांबून तारांकडं बघायचं. तारा हलत नसल्या की पुढं जायचं. हे सगळं लिंबाजी गुरुजींनी चार दिवस लांबून बघितलं. लिंबाजी गुरुजी मुदखेडच्या शाळेतून निवृत्त झालेले क्रीडाशिक्षक. शिट्टी अजून गळ्यात होती. पाचव्या दिवशी त्यांनी याला अडवलं आणि पाखरं बघायला आलात की पळायला, असं विचारलं. तारांचं खरं कारण सांगायची लाज वाटली म्हणून गुरुपादप्पा पाखरं म्हणाला.

"पाखरं बसून बघतेत," गुरुजी म्हणाले. "पळायचं असंल तर ऐका. लई घाई करून राहिलात तुम्ही. एक खांब पळायचं, एक खांब चालायचं. आठ दिवसांनी दोन खांब पळायचं, एक चालायचं. आन् ह्या सँडला बदला, न्हाईतर पाय तुम्हाला बदलतेल."

त्यानं कॅनव्हासचे बूट आणले. नडग्या दुखल्या, बोटाला फोड आला, फुटला, पुन्हा आला. दोन खांब झाले, तीन झाले. गुरुजी बाजूनं सायकलवर यायचे आणि खांद्याखाली हात सोडा, मुठी आवळू नका, कुणाला मारायचं न्हाई, अशा सूचना द्यायचे. भीती कमी झाली म्हणावं तर तसं नाही. उलट रोज पहाटे बूट बांधताना त्याची बोटं थंड पडायची. फक्त आता भीतीची वेळ ठरलेली होती आणि ठरलेल्या वेळेची कुठलीही गोष्ट कारकुनाला सोसते.

मग नोव्हेंबरातला तो मंगळवार आला. आदल्या संध्याकाळी दिवेलागणीला मोठा आवाज झाला होता आणि कॉलनीतली माणसं जेवणं आटोपून अंगणातच पथाऱ्या टाकून झोपली होती. पहाटे गार पडलं तशी एकेक उठून आत गेली. गुरुपादप्पाचे त्या दिवशी चार खांब व्हायचे होते. तिसरा खांब कॉलनीच्या फाटकाशी आणि चौथा गल्लीच्या आत. नियम म्हणजे नियम, तो गल्लीत पळत शिरला. मफलर सुटलेला, तोंड उघडं, डोळे त्या चौथ्या खांबावर. दूध घ्यायला दार उघडलेल्या कुणीतरी त्याला बघितलं आणि आत ओरडून सांगितलं, की किल्लारीकडचा माणूस पळून राहिला.

बस्स. एवढं पुरलं. या कॉलनीत भूकंप पाहिलेला माणूस तेवढा एकच. जमिनीचं काहीही झालं की लोक हवामान खात्याऐवजी त्याच्या तोंडाकडं बघायचे. तो चहा पीत असेल तर आपणही प्यावा, असा रिवाजच पडला होता. आणि तोच आता पळत होता. बघता बघता गल्ली रस्त्यावर आली. कुणी पोरं रजईसकट उचललेली, कुणी टीव्ही. निवृत्त मुख्याध्यापक अनंतराव बनियनवर, हातात पेन्शनची फाइल. त्यांच्या मागं त्यांच्या पत्नी सौदामिनीबाई, दात घासायचा ब्रश तोंडात तसाच. गुरुपादप्पानं चौथ्या खांबाला पोचून मागं बघितलं तर सारी गल्ली पळत आपल्या मागं येतेय. आता हे त्याला काय माहीत, की लोक त्याला बघून पळतायत? त्याला वाटलं, खरंच हललं आणि आपल्याला पळण्याच्या नादात कळलं नाही. तो आणखी पळाला. तो पळाला म्हणून तेही पळाले. नाक्यावरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत हे चाललं. टाकीखाली थांबणं शहाणपणाचं नाही हे दोन्ही पक्षांच्या एकदमच ध्यानात आलं आणि तिथं खुलासा झाला.

परत येताना त्यानं बघितलं, महानंदा रस्त्याच्या पलीकडं, मोकळ्या प्लॉटच्या मधोमध उभी होती. नवरा व्यायामाला गेलाय हे तिला ठाऊक होतं. तरी ती सगळ्यांच्या आधी बाहेर आली होती, असं सौदामिनीबाई म्हणाल्या. तिनं पदर खोचला आणि त्याच्याशी न बोलता घरात गेली. आता पुन्हा तेच, गुरुपादप्पाच्या मनात आलं. सगळ्या गावानं बघितलं, की हा पळतो.

संध्याकाळी अनंतरावांच्या ओट्यावर बैठक झाली. गुरुपादप्पानं पळणं सोडून देतो म्हणून सांगितलं आणि त्याला वाटलं आपण सुटलो. पण अनंतराव न्यायी माणूस होते.

"अप्पा, तुम्ही पळू नका असं कुणीच म्हणत नाही," ते म्हणाले. "तब्येतीचा प्रश्न आहे. फक्त पळताना जरा प्रसन्न दिसा. थोडं हसत पळा, म्हणजे लोकांना कळेल की हा व्यायाम आहे."

ठराव एकमतानं पास झाला. दुसऱ्या दिवशी गुरुपादप्पा फाटकातून हसत पळत आला. हे दृश्य पाहून सौदामिनीबाईंनी दाराला आतून कडी घातली, आणि संध्याकाळी ठरावात दुरुस्ती होऊन कॉलनीच्या आत चालावं, बाहेर कसंही पळावं, असं ठरलं. 

डिसेंबर उजाडला. आवाज अधूनमधून व्हायचेच. गुरुपादप्पाचे सात खांब झाले होते. डॉक्टरांनी साखर उतरल्याचं सांगितलं आणि तो घाबरला, कारण आता सोडायला काही निमित्त उरलं नव्हतं. एका सकाळी लिंबाजी गुरुजी देगलूरला लेकीकडं गेले होते. रस्ता एकट्याचा. उजाडत होतं. सातव्या खांबाशी तो थांबला, कमरेवर हात ठेवले, आणि खालून ते आलं. तळपायातून पोटऱ्यांत, पोटऱ्यांतून मांड्यांत. त्यानं सवयीनं वर बघितलं.

तारा हलत होत्या.

तो जागच्या जागी गार झाला. सतरा वर्षं ज्या प्रश्नाचं उत्तर तो रोज काढायचा तो प्रश्न असा समोर येईल, आणि आपण आधीच बाहेर, मोकळ्यावर, सुरक्षित असू, असं त्याला कधी सुचलं नव्हतं. पायांना पळून जायला जागाच नव्हती, ते आधीच पळून आलेले. मागं घर होतं, घरावर घरमालकाचा मजला होता, आणि त्याच्या खाली महानंदा स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी असणार. त्यानं पायांकडं बघितलं. कुणी कुणाला उचललं हे त्याला पुढंही सांगता आलं नाही. पण तो घराच्या बाजूनं पळत होता. एक खांब झाला, दोन झाले, चालायचा खांब आला तरी तो चालला नाही. कुशीत कळ आली ती घेऊन पळाला. भीती कमी नव्हती, चांगली तोंडात आली होती, पितळेसारखी. फाटकातून आत चालायचा ठराव त्यानं मोडला. दार लोटलं, स्लॅबखाली शिरला, आणि शिरताना डोकं आपोआप खांद्यांत गेलं. महानंदा चहा गाळत होती. त्यानं तिचं मनगट धरलं. गाळणी पडली, चहा सांडला. तिला ओढत तो मागच्या अंगणात घेऊन आला आणि धुण्याच्या दगडापाशी धापा टाकत उभा राहिला.

गल्ली शांत होती. दूधवाला भोंगा वाजवत होता. शेजारी अनंतराव तुळशीला पाणी घालत होते आणि ते पाणी बरोबर तुळशीतच पडत होतं. वारा सुटला होता, कॉलनीतल्याही तारा हलत होत्या, आणि कापडं वाळत घालायची दोरीही.

काहीच झालं नव्हतं.

महानंदानं मनगट सोडवून घेतलं. त्याच्या भिजलेल्या सदऱ्याकडं बघितलं, बुटांकडं बघितलं. मग अगदी हळू विचारलं, "तुम्ही बाहेर होतात ना?"

त्यानं मान हलवली.

"मग आत कामून आलात?"

"तुला न्यायला," तो म्हणाला. श्वास पुरत नव्हता म्हणून तेवढंच म्हणाला.

ती धुण्याच्या दगडावर बसली. आता ती त्या दिवसाचं काढणार, हे गुरुपादप्पाला समजलं. इतकी वर्षं ज्याची धास्ती घेतली ते ऐकायचंच आहे तर बसून ऐकावं, म्हणून तोही जमिनीवर टेकला.

"एक सांगते," महानंदा म्हणाली. "सांगितल्यावर बोलू नका लगेच. तुम्हाला काय वाटतं, त्या दिवशी मी तुमच्या मागून बाहेर आले?"

त्यानं बघितलं.

"मी जागी होते. पोरगी प्यायला उठली होती. भांडी वाजली न् मी तिला उचललं न् मागच्या दारानं गोठ्याकडं गेले. तुम्ही झोपले होतात. मी बघितलं झोपलेले. तुमचा हात माझ्या पदरावर होता, तो मी काढला न् गेले. हाक मारली न्हाई. तोंड उघडलं असतं तरी पुरलं असतं. न्हाई उघडलं. गोठ्यापाशी गेल्यावर याद आली, की घरात माणूस हाय. घराला वळसा घालून आले तर भिंत बसलेली, आन् तुम्ही पटांगणात उभे. माझ्याकडं बघून राहिले. मला वाटलं, यांनी मला जाताना बघितलं."

"मी काही बघितलं नव्हतं," गुरुपादप्पा म्हणाला.

"मला काय ठावं? तुम्ही बोलेचनात. मी म्हणायची, आज म्हणतील, उद्या म्हणतील. नांदेडला आणलं, तरी न्हाई. पळणं सोडलं, चालत चालत गाडी चुकवायला लागले. मला वाटायचं, हे मला टोमणा मारून राहिलेत."

यावर माणसाला हलकं वाटायला पाहिजे. पुस्तकात वाटतं. गुरुपादप्पाला वाटलं नाही. तो सतरा वर्षं स्वतःला भीत होता खरा, पण त्या भीतीखाली एक भरवसा होता. आपण पळालो तरी घरात न पळणारं एक माणूस आहे, पोरगी त्याच्या काखेत आहे, हा तो भरवसा. त्याच्यावर डोकं ठेवून तो झोपायचा. आता कळलं, की त्या रात्री त्या घरात थांबणारं कुणीच नव्हतं. घरातून दोन माणसं दोन दारांनी पळाली होती आणि दोघांनी आपापलं दार एकमेकांपासून झाकून ठेवलं होतं. त्याला थंडी वाजायला लागली. महानंदानं हात मांडीखाली दाबून ठेवले.

मग ती म्हणाली, "आरती चौथ्या मजल्यावर हाय."

हेच त्याच्याही मनात आलं होतं. पोरगी दोघांवरही गेली असणार, तिसरं कुणावर जाणार?

रविवारी दोघं लातूरला गेली. लोहा, अहमदपूर करत एसटी साडेअकराला पोचली. होस्टेलला रविवारी भेटायला पालक येत. डबे घेऊन ते अंगणात सतरंज्यांवर बसत आणि पोरींना तोंडात घास देत किती मार्क पडले ते विचारत. या दोघांनी डबा उघडायच्या आधी रेक्टरबाईंची परवानगी काढली आणि जिना चढायला सुरुवात केली. गुरुपादप्पानं प्रत्येक वळणावर भिंतीवरून हात फिरवला. चपलांची स्टँडं जिथल्या तिथं होती. त्यानं पहिलं उचलून कोपऱ्यात सरकवलं, मग दुसरं. आरती वरून बघत होती आणि शरमेनं लाल झाली होती.

"पप्पा, काय करताय? मुली बघतायत. मला दोनला टेस्ट आहे."

तो ऐकेना. चौथ्या मजल्यावर पोचून त्यानं तिला जिन्याच्या तोंडाशी उभं केलं आणि ऑफिसात परिपत्रक वाचावं तशा आवाजात सांगितलं. जमीन हलली, नुसती हलल्यासारखी वाटली, तरी पुस्तक घ्यायचं नाही, मोबाइल घ्यायचा नाही, चप्पल घालायची नाही, कुणाची वाट बघायची नाही. थेट खाली, आणि इमारतीपासून लांब. इमारत जुनी आहे का नवी याचा विचार करत बसायचं नाही. खोटं निघालं तर लोक हसतील, हसू द्यायचं.

"कुणाचीच वाट बघायची नाही?" आरतीनं विचारलं.

"कुणाचीच नाही."

"आणि मनस्विनी?" मनस्विनी तिच्या खोलीत राहायची, देगलूरची. "ती तर अलार्मलाही उठत नाही. मीच रोज हलवून उठवते. तिला तशीच टाकून पळू?"

गुरुपादप्पानं महानंदाकडं बघितलं. पोरगी सरळ विचारत होती. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि या प्रश्नाचं उत्तर द्यायला तिच्या आईबापांइतकी नालायक माणसं साऱ्या होस्टेलात नव्हती.

"हाक मार," महानंदा म्हणाली.

"म्हणजे थांबू?"

"थांबू नको. पळ. पण पळता पळता हाक मार. तोंड बंद ठेवून जाऊ नको, एवढंच. समजलं का, माय?"

"आणि तिनं ऐकलं नाही तर?"

"परत मार," गुरुपादप्पा म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "खाली पोचेपर्यंत मारत राहा. आता एकदा मारून दाखव."

आरतीनं आजूबाजूला बघितलं आणि लाजत, मैत्रिणीला खिडकीतून बोलवावं तशी "मनू" म्हणाली.

"असं न्हाई," महानंदा म्हणाली. "असं कुणी मेलेलंबी उठणार न्हाई. मोठ्यानं."

आरतीनं आईकडं बघितलं. आईच्या चेहऱ्यावर तिनं असं काही बघितलं, की ती लाजायची थांबली. तिनं कठडा धरला, श्वास घेतला आणि बेंबीच्या देठापासून हाक मारली. जिन्याच्या पोकळीत ती खालपर्यंत गेली. क्षणभर काहीच झालं नाही. मग एक दार उघडलं, त्याच्या पलीकडचं उघडलं, आणि काय झालं हे कुणी कुणाला विचारायच्या आत अनवाणी पावलं पळत जिन्याकडं यायला लागली. सगळ्यांत पुढं झोपेतून उठलेली मनस्विनी होती.

गुरुपादप्पानं महानंदाला कोपऱ्यात ओढलं, स्वतः भिंतीला चिकटून उभा राहिला आणि वाट मोकळी केली.